बदललेल्या मोटारीचे मोल : जर्मन ट्यूनिंग-परंपरा आणि जुन्या मोटारींचा बाजार

प्रस्तावना

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक नियम सर्वमान्य समजला जातो. वस्तू जितकी मूळ स्वरूपात टिकलेली, तितके तिचे मोल अधिक. पोथीच्या कडा कातरल्या, नाणे घासून चकचकीत केले, मूर्तीला नव्याने रंग चढवला की जाणकार संग्राहक तिच्याकडे पाठ फिरवतो. जुन्या मोटारींच्या संदर्भात हा नियम विशेष काटेकोरपणे पाळला जातो. इंजिनावरील, गिअरपेटीवरील आणि चासीवरील क्रमांक कारखान्याच्या दप्तरातील नोंदींशी जुळले पाहिजेत. रंगाची छटा आणि आसनांचे कापड हेही त्या नोंदींप्रमाणेच असले पाहिजे. मालकाने हौसेने केलेला कोणताही बदल या बाजारात दोष म्हणूनच मोजला जातो.

असे असताना मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अमेलिया आयलंड येथे झालेल्या लिलावात १९८९ साली तयार झालेली ‘रूफ सीटीआर’ ही मोटार ६०,५५,००० डॉलरला विकली गेली. (या रकमेत लिलावगृहाचे शुल्क समाविष्ट आहे.) वरवर पाहणाऱ्यास ही मोटार म्हणजे पोर्शे ९११ आहे. तिचे इंजिन, दरवाजे, छताच्या कडा, चाके असे जवळजवळ सर्व काही बव्हेरियातील एका लहान गावातील कार्यशाळेत बदललेले आहे. त्याच काळातील, कारखान्यातून आली तशीच राहिलेली साधी ९११ मोटार या किमतीच्या अगदी लहान अंशात मिळते. म्हणजे वरील नियम येथे पूर्णपणे उलटा झालेला दिसतो.

हा उलटफेर कसा घडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. याचे उत्तर सामान्यतः वेगात आणि अश्वशक्तीत शोधले जाते. ते पुरेसे नाही, असे या लेखात मांडावयाचे आहे. तितकीच वेगवान केलेली, परंतु आज कवडीमोल ठरलेली शेकडो वाहने त्याच काळात जर्मनीत तयार झाली. बाजाराने पुढे मोल दिले ते बदल कोणी केला, केव्हा केला आणि कोणत्या अधिकाराने केला याच्या पुराव्याला. हा पुरावा काही कार्यशाळांपाशी का राहिला आणि इतरांपाशी का नाही, हे समजण्यासाठी जर्मन वाहन-कायद्याचा इतिहास पाहावा लागतो.

किमतींच्या साधनांविषयी येथेच एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या मोटारींचे बहुसंख्य व्यवहार खाजगीत होतात आणि त्यांची रक्कम प्रसिद्ध होत नाही. विक्रेत्याने जाहिरातीत मागितलेली रक्कम ही किंमत नव्हे. सार्वजनिक लिलावातील विक्री एवढाच भक्कम आधार उरतो, आणि तोही तुरळक असतो. म्हणून पुढील विवेचनात आकड्यांच्या मालिका मांडण्याऐवजी किमतीमागील कारणांवर भर दिला आहे.

कार्यशाळांचा उदय

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत मोटारउद्योग पुन्हा उभा राहिला तो सामान्य कुटुंबासाठी वाहने बनवत. वेगाची हौस भागवणे हे मोठ्या कारखान्यांचे प्राधान्य नव्हते. मर्सिडीझ-बेंझने तर १९५५ साली ल मां येथील भीषण अपघातानंतर त्या वर्षाच्या अखेरीस शर्यतींतून माघार घेतली. दुसरीकडे देशभर पसरलेल्या आउटोबान महामार्गांवर सर्वसाधारण वेगमर्यादा नव्हती. तेलसंकटाच्या काळात, १९७३-७४ च्या हिवाळ्यात, काही महिने ती घालण्यात आली. पुढे १९७८ पासून ताशी १३० किलोमीटर हा केवळ शिफारस केलेला वेग ठरला. वेगाने जाण्याची कायदेशीर मुभा होती, पण त्या वेगाची वाहने मोजकी आणि अतिशय महाग होती. ही पोकळी लहान कार्यशाळांनी भरून काढली.

त्यांतील पहिले महत्त्वाचे नाव अल्पिना हे होय. काउफबॉयरेन येथे बोवेनझीपेन कुटुंबाचा कार्यालयीन यंत्रांचा कारखाना होता आणि त्याच्या टंकलेखन यंत्रांचे नाव ‘अल्पिना’ होते. बुर्कार्ड बोवेनझीपेन या तरुणाने साठच्या दशकाच्या आरंभी बीएमडब्ल्यू १५०० या नव्या मोटारीसाठी वेबर बनावटीच्या जोड-कार्बोरेटरचा संच तयार केला. हा संच इतका निर्दोष होता की तो बसवलेल्या मोटारींची हमी बीएमडब्ल्यूने कायम ठेवली. मोटारविश्वाच्या दृष्टीने ही घटना असामान्य होती. परक्याने हात लावला की हमी संपते, हा सर्वत्र रूढ असलेला प्रघात येथे मोडला गेला. १९६५ साली अल्पिना ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि १९७० मध्ये ती बुखलोए येथे हलली. त्याच वर्षी युरोपीय टूरिंग मोटार स्पर्धेत तिच्या बीएमडब्ल्यू मोटारीने यश मिळवले. पुढे निकी लाउडा आणि जेम्स हंट यांच्यासारखे चालक तिच्या मोटारी शर्यतींत चालवू लागले. (अल्पिनाने १९७९ पासून द्राक्षासवाचा व्यापारही केला. ज्या वस्तूचे सारे मोल मळा, वर्ष आणि उत्पादकाचे नाव यांवर अवलंबून असते, तिचे कोठार आणि मोटारींची कार्यशाळा एकाच छताखाली असावीत, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकास गमतीचा वाटल्यावाचून राहत नाही.)

एएमजीची कथा वेगळी आहे. हान्स वेर्नर आउफरेश्ट आणि एर्हार्ड मेल्शर हे दोघे मर्सिडीझच्या विकास विभागात काम करीत होते. कंपनीने शर्यती सोडल्या तरी यांनी घरी ३०० एसई मोटारीच्या इंजिनावर प्रयोग चालू ठेवले. १९६५ मध्ये त्यांच्या इंजिनाने जर्मन टूरिंग मोटार स्पर्धेत दहा शर्यती जिंकल्या. १९६७ साली बुर्गश्टाल येथील एका जुन्या गिरणीच्या इमारतीत त्यांनी स्वतःची संस्था काढली. आउफरेश्ट, मेल्शर आणि आउफरेश्ट यांचे जन्मगाव ग्रोसआस्पाख यांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव बनले. १९७६ मध्ये ती आफाल्टरबाख येथे गेली. बोवेनझीपेन यांना कारखान्याचा आशीर्वाद आरंभीच मिळाला होता. आउफरेश्ट आणि मेल्शर यांनी मात्र नोकरी सोडून मालकाच्याच मोटारींवर काम सुरू केले होते. हा भेद पुढे बाजारमूल्याच्या संदर्भात महत्त्वाचा ठरला.

तिसरी कार्यशाळा फाफेनहाउझेन येथील रूफ. १९३९ साली आलोइस रूफ यांनी काढलेले हे वाहनदुरुस्तीचे साधे केंद्र होते. त्यांच्या त्याच नावाच्या पुत्राने १९७४ मध्ये सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी पहिली सुधारित पोर्शे तयार केली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्शे कंपनीचा कल ९११ बंद करून तिच्या जागी ९२८ आणण्याकडे होता. ९११ वर निष्ठा असलेल्या ग्राहकांना त्या काळात रूफ जवळचे वाटले. पोर्शे ९११ टर्बो या मोटारीस १९८९ च्या आवृत्तीपर्यंत चारच गिअर होते. रूफ मात्र ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासून पाच गिअरची पेटी देत असे. कारखान्याने जे करावयास हवे होते ते कार्यशाळा करीत होती.

याखेरीज ब्राबुस, हार्टगे, लोरिन्झर, कोनिग, गेम्बाला अशी अनेक नावे सांगता येतील. त्यांपैकी काहींचे काम यांत्रिक दृष्ट्या उत्तम होते, तर काहींचे मुख्यतः पत्रा आणि फायबरग्लास यांपुरते मर्यादित होते. त्यांचा तपशील येथे आवश्यक नाही.

कागदाचे राज्य

जर्मनीत वाहनात बदल करणे ही खाजगी बाब नाही. वाहतूक परवाना नियमावलीप्रमाणे वाहनाच्या प्रकारात, सुरक्षिततेत किंवा धूर व आवाज यांत फरक पाडणारा बदल झाला की त्या वाहनाचा वापर-परवाना आपोआप रद्द होतो. तो परत मिळवण्यासाठी ट्यूफसारख्या अधिकृत तपासणी संस्थेच्या तज्ज्ञाने वाहन तपासून बदल मान्य करावा लागतो आणि त्याची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत करावी लागते. चाकांची रुंदी बदलली तरी नोंद; सुकाणूचे चक्र बदलले तरी नोंद. ही पद्धत वाहनमालकांना त्या काळी जाचक वाटत असे, आणि त्यात काही नवल नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या जाचातून एक अमोल साधन निर्माण झाले. १९७९ साली एखाद्या मोटारीला कोणती चाके बसवली होती हे आज दिनांकासह सिद्ध करता येते.

आपल्याकडील स्थितीशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ विवरणापासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. बदल आपल्याकडेही होतातच. परंतु जे अमान्य आहे त्याची नोंद राहत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला इतिहास मिळणे कठीण असते.

जर्मन व्यवस्थेत याही पुढची एक पायरी होती. फ्लेन्सबुर्ग येथील संघीय मोटार कार्यालयाने एखाद्या कार्यशाळेस स्वतंत्र उत्पादक म्हणून मान्यता दिली की तिच्या मोटारी तिच्याच नावाने नोंदल्या जात. रूफला अशी मान्यता १९८१ मध्ये आणि अल्पिनाला १९८३ मध्ये मिळाली. एएमजी मात्र त्या दशकात मर्सिडीझच्या मोटारींत बदल करणारी संस्था म्हणूनच काम करीत राहिली.

याचा परिणाम चासी क्रमांकावर झाला. ऐंशीच्या दशकापासून हा क्रमांक सतरा चिन्हांचा आहे आणि त्यातील पहिली तीन चिन्हे उत्पादक दर्शवतात. पोर्शेची मोटार ‘डब्ल्यूपी०’ या चिन्हांनी सुरू होते. रूफने कोऱ्या सांगाड्यावर घडवलेली मोटार ‘डब्ल्यू०९’ ने सुरू होते. तिसऱ्या स्थानावरील नऊ हा अंक अल्पसंख्येने वाहने बनवणाऱ्या उत्पादकांसाठी राखीव आहे. अल्पिनाची मोटार ‘डब्ल्यूएपी’ ने सुरू होते. ऐंशीच्या दशकातील एएमजी मोटारीवर मात्र मर्सिडीझचेच ‘डब्ल्यूडीबी’ असते, कारण ती मर्सिडीझ म्हणूनच जन्मली आणि नंतर बदलली गेली.

सीटीआरच्या बाबतीत या तीन चिन्हांचे मोल किती, हे आता उघड झाले आहे. १९८७ पासून रूफने या प्रकारच्या २९ मोटारी कोऱ्या सांगाड्यांवर घडवल्या. याशिवाय ग्राहकांनी स्वतःच्या पोर्शे आणून त्यांवर तेच इंजिन आणि तेच भाग बसवून घेतले. कारागीर तेच, कार्यशाळा तीच, इंजिनही तेच. चालवताना दोहोंत फरक जाणवू नये. तरीही बाजारात पहिल्या प्रकारास दुसऱ्याहून फार मोठी किंमत मिळते. या किमतीतील फरक निव्वळ क्रमांकाचा, म्हणजे नोंदीचा आहे. वेग हेच मूल्याचे कारण असते तर हा फरक पडण्याचे प्रयोजन नव्हते.

डॉलर आणि मार्क

या कार्यशाळांची कीर्ती युरोपबाहेर गेली ती चलनाच्या चढउतारामुळे. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकन डॉलर सातत्याने वधारत गेला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये एका डॉलरला जवळजवळ साडेतीन मार्क मिळू लागले. जर्मनीत मोटार विकत घेऊन, ती अमेरिकेत आणून, तेथील नियमांनुसार तिच्यात फेरफार करूनही ती तेथील अधिकृत विक्रेत्यापेक्षा स्वस्त पडू लागली. शिवाय अमेरिकेसाठी पाठवल्या जाणाऱ्या मोटारींची इंजिने प्रदूषण-नियमांमुळे दुबळी केलेली असत. युरोपातील मूळ आवृत्ती अधिक जोरकस होती. अधिकृत विक्रेत्यास वगळून चाललेल्या या आयातीला तेथे ‘करडा बाजार’ म्हणत. १९८५ च्या सुमारास या मार्गाने वर्षाला साठ हजारांहून अधिक मोटारी आल्या. त्यांत एएमजीने सजवलेल्या मर्सिडीझ मोटारींचे प्रमाण लक्षणीय होते.

सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर डॉलर घसरू लागला आणि १९८७ च्या अखेरीस तो १.६ मार्कच्या आसपास आला. करड्या बाजाराचा आर्थिक पाया त्यामुळे ढासळला. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा करून खाजगी आयात जवळजवळ अशक्य केली. त्यातून एकच वाट खुली राहिली : पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीस सुरक्षा-मानकांतून सूट. या सवलतीचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला नसावा. पण १९८७ ची मोटार २०१२ मध्ये या सवलतीस पात्र ठरते, हे ध्यानात घेतले की पुढील दशकातील किमतींचा एक दुवा हाती येतो.

याच संधिकाळात, १९८७ साली, ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकन मासिकाने फोक्सवॅगनच्या एरा-लेसीन येथील चाचणी-मार्गावर जगातील वेगवान मोटारींची तुलना घडवून आणली. फिल हिल आणि पॉल फ्रेर हे नामांकित चालक तेथे होते. रूफची पिवळी सीटीआर ताशी २११ मैल, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर वेगाने धावली आणि पोर्शे कंपनीची स्वतःची अत्याधुनिक ९५९ तिच्या मागे पडली. सीटीआरला ‘यलोबर्ड’ हे टोपणनाव याच चाचणीत मिळाले. ३.४ लिटरचे, दोन टर्बो जोडलेले तिचे इंजिन ४६९ अश्वशक्ती देत असे. हवेचा रोध कमी राहावा म्हणून रूफने टर्बो आवृत्तीचा रुंद सांगाडा न घेता साध्या कारेराचा अरुंद सांगाडा निवडला, दरवाजे ॲल्युमिनियमचे केले आणि छताकडेच्या पन्हळी काढून टाकल्या. दिसण्यात भपका नाही, किंबहुना ती मूळ मोटारीहून साधी दिसते. त्या दशकातील इतर ट्यूनरांची अभिरुची पाहता हा संयम उल्लेखनीय आहे.

त्याच चाचणीत एएमजीची ‘हॅमर’ही होती. मर्सिडीझच्या मध्यम आकाराच्या डब्ल्यू१२४ सांगाड्यात मोठ्या मोटारीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून आणि त्यावर मेल्शर यांनी रचलेले चार झडपांचे सिलिंडर-माथे चढवून ही मोटार १९८६ मध्ये तयार झाली. ५.६ लिटरचे इंजिन ३६० अश्वशक्तीचे, तर ६ लिटरचे ३८५ अश्वशक्तीचे होते. महाराष्ट्रातील वाचकांना हा सांगाडा अपरिचित नाही. १९९५ पासून पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात जोडली गेलेली पहिली भारतीय मर्सिडीझ हीच डब्ल्यू१२४ होती. पुण्याच्या रस्त्यांवर डिझेल इंजिनावर संथ धावणारी ती शांत, चौकोनी मोटार आणि हॅमर यांचा पत्रा एकच आहे, हे सांगूनही पटणार नाही.

हेळसांडीची वर्षे

१९८९-९० मध्ये जुन्या मोटारींच्या, विशेषतः फेरारींच्या, किमती सट्ट्याने फुगल्या आणि नंतर कोसळल्या. ट्यून केलेल्या मोटारी त्या तेजीतही फारशा नव्हत्या. मंदीत तर त्यांची उपेक्षाच झाली. नव्वदच्या दशकात रुंद फेंडर, मोठाले पंख आणि पांढरी चाके हा गतदशकातील श्रीमंतीचा ओंगळ अवशेष मानला जाऊ लागला. अनेक मालकांनी हे भाग काढून मोटार ‘मूळपदावर’ आणली, कारण मूळ स्वरूपातील मोटार सहज विकली जाई. ज्या कृतीला त्या वेळी जीर्णोद्धार म्हटले गेले, ती वास्तविक एका ऐतिहासिक वस्तूची मोडतोड होती. आज शिल्लक संख्या कमी असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

या हेळसांडीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र त्याहून जुने आहे. जुलै १९७१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत एएमजीची ३०० एसईएल ६.८ ही लाल रंगाची भलीमोठी मोटार उतरली. हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेन्टान्झ तिचे चालक होते. चपळ आणि हलक्या मोटारींच्या गर्दीत हे ४२८ अश्वशक्तीचे, दीड टनाहून जड धूड पाहून प्रेक्षक हसले असतील. शर्यत संपली तेव्हा ती एकंदरीत दुसरी आणि आपल्या वर्गात पहिली होती. एएमजी हे नाव जगाला माहीत झाले ते त्या दिवशी. ‘लाल डुकरीण’ या अर्थाच्या जर्मन टोपणनावाने ती मोटार आजही ओळखली जाते.

आणि तिचे पुढे काय झाले? ती मात्रा या फ्रेंच कंपनीस विकण्यात आली. त्या कंपनीच्या विमानविषयक विभागास विमानाची चाके धावपट्टीवर तपासण्यासाठी एक जोरकस वाहन हवे होते. सांगाडा कापून लांब केला गेला, तळाला भोक पाडून तेथे तपासणीचे चाक बसवले गेले, आणि काम संपल्यावर ती मोटार नाहीशी झाली. प्रदर्शनांत आज दिसते ती नंतर बनवलेली प्रतिकृती आहे. मूळ मोटार आज असती तर तिची किंमत किती झाली असती, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. मे २०२२ मध्ये मर्सिडीझच्याच संग्रहातील १९५५ ची ३०० एसएलआर ‘उलेनहाउट कूपे’ साडेतेरा कोटी युरोला विकली गेली. ती कारखान्यात बनली होती आणि कारखान्याने तिला सांभाळले होते. कार्यशाळेत बनलेल्या मोटारीला सांभाळणारे कोणी नव्हते, हाच दोहोंमधील फरक होय.

किमतीचा पालट

एकविसाव्या शतकात चित्र बदलले, त्यामागे अनेक कारणे एकत्र आली. पोर्शेने मार्च १९९८ मध्ये हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११ बनवली आणि त्या परंपरेतील सर्व जुन्या मोटारी आपोआप ‘संपलेल्या’ वर्गात गेल्या. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर व्याजदर खाली गेले आणि श्रीमंतांचा पैसा चित्रे, द्राक्षासव, घड्याळे आणि मोटारी यांकडे वळला. अमेरिकेचा पंचवीस वर्षांचा नियम त्याच सुमारास ऐंशीच्या दशकातील उत्तरार्धाच्या मोटारींना लागू होऊ लागला.

चौथे कारण गंभीर नियतकालिकात मांडताना थोडे विचित्र वाटेल, तरी ते टाळणे योग्य होणार नाही. २००० ते २०१६ या काळात संगणकीय खेळांत पोर्शे मोटारी दाखवण्याचा विशेषाधिकार एका अमेरिकन कंपनीकडे होता. त्यामुळे जपानमध्ये निर्मित ‘ग्रान तुरिस्मो’ या अतिशय लोकप्रिय खेळमालिकेत पोर्शेऐवजी रूफच्या मोटारी घेतल्या जात. रूफ स्वतंत्र उत्पादक असल्याने त्याचा परवाना वेगळा मिळू शकत होता. जगभरातील एका पिढीने पोर्शे चालवण्याची हौस पडद्यावरील यलोबर्डवर भागवली. त्या पिढीच्या हाती आता पैसा आहे. फ्लेन्सबुर्गच्या कार्यालयाने १९८१ मध्ये दिलेल्या एका मान्यतापत्राचा हा परिणाम होईल, असे कोणास वाटले असेल?

एएमजीच्या बाबतीत कालविभाग करणारी रेषा वेगळी आहे. १९९० मध्ये तिने डेमलर-बेंझशी सहकार्य-करार केला, १९९९ मध्ये डेमलरक्रायस्लरने बहुमताचा हिस्सा घेतला आणि २००५ मध्ये ती संपूर्णपणे त्या समूहाची झाली. त्यामुळे ‘विलीनीकरणापूर्वीची एएमजी’ असा स्वतंत्र वर्गच बाजाराने निर्माण केला असून त्यातील उत्कृष्ट मोटारींना लाखो डॉलर मिळतात. पण येथे पुराव्याचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. एएमजी आपले फेंडर, चाके, पंख आणि नाममुद्रा सुट्या भागांप्रमाणे विकत असे. कोणताही विक्रेता ते बसवून देई. मर्सिडीझच्या दप्तरात त्या मोटारीची नोंद सामान्य मोटार म्हणूनच असते. मोटार आफाल्टरबाख येथे बदलली गेली, अमेरिकेतील तिच्या प्रतिनिधीकडे बदलली गेली, की परवा कोणी जुने भाग गोळा करून जोडली, हे ठरवण्यासाठी त्या वेळची पावती, इंजिनावरील ठसे आणि ट्यूफची नोंद यांचाच आधार उरतो. यामुळेच अशा मोटारीबरोबर आलेली कागदांची पिवळी पडलेली धारिका कधी कधी इंजिनाहून मौल्यवान ठरते.

अल्पिनाच्या मोटारी या तुलनेत शांत बाजारात आहेत. १९७८ ची बी७ टर्बो तीनशे अश्वशक्तीची होती आणि त्या काळच्या जगातील सर्वांत वेगवान चारदारी मोटारींत तिची गणना होई. तिच्या पुढील, ३३० अश्वशक्तीच्या बी७ एस टर्बोच्या केवळ ६० चारदारी मोटारी बनल्या. तरीही तिला सीटीआरच्या जवळपास किंमत मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण असे, की अल्पिनाने कारखान्याशी कधी स्पर्धा केली नाही. तिने कारखान्याला हरवल्याची कथा नाही, आणि लिलावात कथा विकली जाते.

मूळ म्हणजे काय?

वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात हा प्रश्न फार पूर्वी चर्चिला गेला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने असे मानले की वास्तूवर निरनिराळ्या काळांत झालेले रास्त संस्कार हे तिच्या इतिहासाचेच भाग होत. केवळ आरंभीचे रूप परत आणण्यासाठी ते पुसून टाकू नयेत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद याच विचारावर उभी आहे. जर्मन कायद्याने तर हा विचार व्यवहारात आधीच आणला होता. १९९७ पासून तीस वर्षे झालेल्या मोटारीस सांस्कृतिक ठेवा म्हणून विशेष क्रमांकपट्टी मिळते आणि तिच्यावरील वार्षिक कर १९१.७३ युरो असा सरसकट ठरलेला आहे. मोटार बदललेली असली तरी चालते. मात्र तो बदल तिच्या आरंभीच्या दशकातील किंवा त्या काळाला साजेसा असला पाहिजे.

म्हणजे कायद्याने आणि सनदेने ‘काळ’ हा निकष मानला आहे. बाजाराने ‘कर्ता’ हा निकष मानला. या दोहोंत न बसणाऱ्या मोटारींची संख्या मोठी आहे. एखाद्या गावातील अज्ञात कारागिराने १९८२ मध्ये उत्तम काम केलेली, ट्यूफने तपासलेली, कागदपत्रांत नोंदलेली मोटार कायद्याच्या दृष्टीने ठेवा आहे, बाजाराच्या दृष्टीने ‘बिघडवलेली’ आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पाहता तीच अधिक प्रातिनिधिक होय, कारण जर्मनीतील बहुतेक ट्यूनिंग आफाल्टरबाख किंवा फाफेनहाउझेन येथे नव्हे तर अशाच ठिकाणी झाले. लाखो डॉलरच्या मोटारी वातानुकूलित कोठारांत सुरक्षित राहतील. या दुसऱ्या प्रकारच्या मोटारींचे सुटे भाग काढून त्या अजूनही ‘मूळपदावर’ आणल्या जात आहेत.

दरम्यान कर्त्याचा निकषही आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. मार्च २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने अल्पिना नाममुद्रेचे हक्क विकत घेतल्याचे जाहीर केले. बुर्कार्ड बोवेनझीपेन यांचे ऑक्टोबर २०२३ मध्ये निधन झाले. बुखलोए येथील कुटुंबाच्या संस्थेशी असलेला सहकार्य-करार ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला. नाव म्युनिकला गेले. जुन्या अल्पिना मोटारींची देखभाल आणि त्यांचे सुटे भाग मात्र बुखलोएमध्येच, बोवेनझीपेन कुटुंबाकडे राहिले आहेत. १९७९ सालची एखादी बी७ टर्बो उद्या लिलावात आली, तर तिच्या अस्सलपणाचा दाखला नावाच्या मालकाने द्यावयाचा की ती जेथे घडली त्या कार्यशाळेने, याचा निवाडा खरेदीदारांना पहिल्यांदाच करावा लागणार आहे.